शिरोली एमआयडीसीजवळ गॅरेजमागे डिझेल मुरलंय, विहिरीलाही वास येतो. जिवाणूंची पावडर टाकून साफ होईल का?

माती बऱ्यापैकी साफ होईल, विहीर नाही. आणि विकतची पावडर बहुतेक वेळा लागतच नाही. डिझेल खाणारे जिवाणू मातीत आधीच असतात, त्यांना कमी पडतो तो प्राणवायू, नत्र आणि स्फुरद. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डीझ जहाजाचं तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर खतच टाकलं होतं. आधी गळती थांबवा. मग वरची माती उकरून ताडपत्रीवर पसरा, शेणखत आणि थोडं डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) मिसळा, ओल ठेवा, अधूनमधून उलथत राहा. काही महिने लागतील. खोलवर मुरलेल्या डिझेलसाठी जमिनीत हवा सोडावी लागते, ते जाणकाराचं काम. विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासेपर्यंत कृपा करून कुणालाच पिऊ देऊ नका, जनावरांनाही नाही. मात्र मातीत शिशासारखे जड धातू असतील, तर जिवाणू ते नष्ट करू शकत नाहीत.