आधी बॅटरी रूम बघ

वीज उपकेंद्रात रुजू झालास ना? मग यार्डाआधी बॅटरी रूममध्ये जाऊन ये. पीएलसीसी (वीजवाहिनीच्या तारेवरूनच संदेश नेणारी यंत्रणा), फायबर अशी संपर्काची उपकरणं ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. ग्रिड कोसळली की चार्जर बंद आणि सगळी भिस्त बॅटरीवर. नेमप्लेटवरचे अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता, नव्या बॅटरीचे. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत तापलेली जुनी बॅटरी तेवढं देत नाही. फ्लोट व्होल्टेज (चार्जर जोडलेला असतानाचं) बरोबर दिसतं म्हणून खूश होऊ नकोस, डिस्चार्ज टेस्ट लाव, म्हणजे लोड देऊन बॅटरी किती टिकते ते बघ. (रजिस्टरमधले आकडे कायम देखणेच असतात!)

मोबाईलवर विसंबू नकोस, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात. ३० जुलै २०१२ ला उत्तर ग्रिड कोसळली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा, पूर्व आणि ईशान्येसकट. तशा वेळी ग्रिड सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्राशी बोलणं झाल्याशिवाय एकही ब्रेकर लावता येत नाही.

फायबरचे दोन मार्ग आहेत म्हणतील. ते वीजवाहिनीच्या एकाच टॉवरवरून जातात का, दोन्ही मार्गांच्या उपकरणांतल्या कार्डांना डीसी एकाच चार्जरमधून येतं का, हे स्वतः तारेमागे जाऊन तपास. जनरेटरच्या डिझेलचंही विचारून ठेव: टाकी संपली तर आणणार कुठून? वीज नसेल तर पंपवालाही हात वर करेल.