विंडोज ७ वर नवं पायथन : पीसी विकू नका

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्या विंडोज ७ च्या पीसीवर पायथन ३.१२ चालवायचंच म्हणून चार महिने झटतोय. स्क्रीनवर 'डीएलएल सापडत नाही' एवढंच येतं. टक्के ७८ वरून ६४ वर आले. माझा पुतण्या पुण्यात आयटीत मोठ्या पॅकेजवर आहे. पीसी विकून याला एआयच्या क्लासला घालू का? – एक पालक, इचलकरंजी

उत्तर : नमस्कार. तुमचं मूळ पत्र दोन पानी आहे. त्यात पुतण्याचं पॅकेज तीनदा आलंय आणि मुलाचं काम एका ओळीत उरकलंय. मला काळजी वाटते ती याची. ६४ टक्के पुढच्या सत्रात सावरतील. पण पीसी विकलात तर मुलगा पुस्तक उघडं ठेवून बसायला शिकेल आणि तुम्हाला काही सांगणं बंद करेल. सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे नुकसान लवकर भरून येत नाही. पुतण्याचा विषय घरात काढू नका, जेवताना तर अजिबात नको.

आता त्याच्या कामाविषयी. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा तयार कोड असलेली फाईल. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला थांबवला. पायथनची नवी आवृत्ती, मायक्रोसॉफ्टचा आधार चालू असलेल्या विंडोजसाठीच निघते. त्यामुळे विंडोज ७ वर ३.८ ही शेवटची, ३.९ पासून पुढचं चालत नाही. ते चालवून दाखवणं म्हणजे पोर्टिंग, आणि हे खरं सिस्टिम प्रोग्रॅमिंग आहे. कारखान्यांत जुन्या यंत्रांना जोडलेले जुने पीसी अजून आहेत, तिथे ही विद्या लागते. अशा नोकऱ्या थोड्या असतात, हेही मोकळेपणानं सांगतो. पण ज्याला हे जमतं त्याला एम्बेडेड (यंत्रातल्या चिपसाठीचं), कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचं) किंवा बिल्डचं (कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याचं) काम परकं राहत नाही. एआयचा क्लास तूर्त नको.

यापुढचं मुलाला वाचायला द्या.

हरवलेली डीएलएल नेटवरून उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकली की काम झालं, हा तुझा समज असेल तर तो आधी सोड. ज्या डीएलएलवर गाडी अडते, त्या 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ'चं नाव फक्त पाटीसारखं आहे. त्यामागचा खरा कोड विंडोज ८ पासून कर्नलबेस या विंडोजच्याच डीएलएलमध्ये आहे आणि तुझ्या विंडोजमध्ये तो नाहीच. विंडोज १० मधून फाईल उचललीस तरी ती नसलेल्या कोडकडेच बोट दाखवणार. अनोळखी साइटवरची घेतलीस तर व्हायरसचा धोका वेगळा. पायथनला तिथून 'पाथ-सीसीएच-कम्बाइन-ईएक्स'सारखी (फाईलच्या पत्त्याचे तुकडे जोडणारी) मोजकीच फंक्शन हवी असतात. पायथन ३.८ च्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, 'पीसी' फोल्डरातली 'गेटपाथपी' ही सी फाईल उघड. तिथे हे फंक्शन सापडलं नाही तर जुनं 'पाथ-कम्बाइन' वापरायची सोय लिहिलेली आहे. ३.९ मध्ये ती काढली. तीच सोय स्वतंत्र सी फाईलमध्ये परत आणायची. जपायचं एकच : जुनं फंक्शन बफरचा, म्हणजे उत्तर लिहायला दिलेल्या मेमरीच्या जागेचा, आकार विचारत नाही आणि २६० अक्षरं धरून चालतं. बफर त्याहून लहान असेल तर ते शेजारची मेमरी खराब करेल, म्हणून लांबी आधी तूच तपास.

बिल्ड घरी करू नकोस. त्याला लागणारं मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ विंडोज ७ वर बसतच नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज १० वर बिल्ड कर, पेनड्राइव्हनं घरी आणून चालव. घरच्या पीसीवर सर्व्हिस पॅक १ आणि केबी २९९९२२६ हा अपडेट आहे ना ते बघ. तो नसेल तर सी रनटाइमच (सी भाषेतल्या प्रोग्रॅमना चालताना लागणारा पायाभूत कोड) मिळणार नाही आणि तू पायथनला दोष देत बसशील. व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणाऱ्या 'डम्पबिन'नं इम्पोर्ट्सची, म्हणजे पायथन बाहेरून मागवतं त्या फंक्शनची, यादी काढ आणि विंडोज ७ मध्ये नसलेली फंक्शन एका वहीत लिही. मग पायथनच्या चाचण्या दोन्ही पीसींवर चालव. फक्त विंडोज ७ वर नापास होतात त्या तुझ्या, बाकीच्यांत डोकं घालू नकोस. ३.१२ वरच थांब. ३.१३ मध्ये वेळ मोजायलाही विंडोज ८ पासूनचं फंक्शन वापरलंय, म्हणजे आणखी एक दार बंद.

हे बदल मूळ प्रकल्प स्वीकारेल ही आशा धरू नकोस. त्यांचं धोरण वर सांगितलंच आहे. स्वतःच्या नावानं वेगळी शाखा ठेव. काय बदललं याचा थोडक्यात सारांश सोबत देणं पायथनच्या परवान्यात बंधनकारक आहे. मुलाखतीत तोच सारांश पुढे ठेवता येतो.

डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर मिळतो, त्यामुळे टक्के हवेतच. परीक्षेपर्यंत हे काम फक्त शनिवार-रविवारी.

आणि बाबा, तुमच्याकडून एक हवं : या पीसीवर बँकेचे व्यवहार करू नका, त्याला सुरक्षेचे अपडेट आता मिळत नाहीत. येत्या रविवारी अर्धा तास मुलाशेजारी बसा आणि ती वहीतली यादी त्याला समजावून सांगायला लावा. सगळं कळलं नाही तरी चालेल, मध्ये बोलू नका.