आयोवातल्या गावी येण्याआधी

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. मावशीने माझा नंबर दिला ते बरं केलं. तुझ्या नवऱ्याची डेट्रॉइटमधली रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरीचं प्रशिक्षण, जूनमध्ये संपतेय, अमेरिकेतल्याच आयोवा राज्याच्या पश्चिमेकडल्या दोन हजार वस्तीच्या गावातलं हॉस्पिटल त्याला घ्यायला तयार आहे, व्हिसासाठी तिथे तीन वर्षं काढावी लागणार. तू सांगलीतली बँकेची नोकरी सोडून पाच वर्षांच्या लेकीला घेऊन यायचं की नाही, हा तुझा प्रश्न. आणि शेवटची ओळ, "ताई, ही गावं मरत चाललीत असं सगळे म्हणतात, ते खरं का?"

मी तशाच एका गावात २००९ पासून राहते. माझा नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि आम्हीही तीन वर्षांसाठीच आलो होतो. माझं मत आधीच सांगते: ये. पण ते गाव तुम्हाला गरज आहे म्हणून बोलावतंय, आणि ती गरज केवढी आहे हे नीट कळल्याशिवाय सही करू नका.

आधी मरण्याबद्दल. आयोवात ॲडम्स नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समज. १९०० साली तिथे साडेतेरा हजारांवर माणसं होती, २०२० च्या जनगणनेत ३,७०४ उरली. युद्ध झालं नाही, जमीन नापीक झाली नाही. तीच काळीभोर माती, आणि मक्याचं पीक तेव्हाच्या कितीतरी पट. फक्त ते काढायला माणसं लागेनाशी झाली. १९३५ च्या सुमारास आयोवात दोन लाखांहून जास्त शेतकरी खाती होती, २०२२ च्या शेतीगणनेत ती ८७ हजारांच्या आसपास आली. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब बाप-लेक मिळून दोन हजार एकर करतं. पूर्वी तेवढ्या जमिनीवर दहा-बारा घरं जगत होती, म्हणजे शाळेत तीस-चाळीस मुलं, चर्चमध्ये दोन बाकं, किराणा दुकानाला बारा उधारखाती.

नकाशा उघडलास तर जुन्या रेल्वेमार्गांवर दर आठ-दहा मैलांवर एक गाव दिसेल. घोडागाडीत धान्य भरून शेतकऱ्याने सकाळी निघावं आणि दिवे लागायच्या आत घरी परतावं, या हिशेबाने ती वसली. मोटारी आल्या तेव्हाच त्यातल्या कित्येक गावांचं प्रयोजन संपलं होतं. तरी ती टिकून राहिली, आणि खरा घाव बसला तो १९८० च्या दशकात.

तो काळ समजून घेतल्याशिवाय इथली पन्नाशी-साठीपुढची माणसं तुला कळणार नाहीत. सत्तरच्या दशकात धान्याची निर्यात वाढली, जमिनीचे भाव चढले, आणि त्या भावावर बँकांनी कर्जं दिली. मग महागाई रोखायला व्याजदर वाढवले गेले, १९८० च्या जानेवारीत सोव्हिएत रशियाला जाणारं धान्य सरकारने थांबवलं. आयोवात एकरी सरासरी भाव १९८१ मध्ये २,१४७ डॉलर होता, १९८६ मध्ये तो ७८७ झाला. जमीन तीच, कर्ज तेवढंच, तारण एक तृतीयांशावर. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, त्या वर्षी जवळजवळ दर शनिवारी कुणाच्या तरी अंगणात लिलाव असायचा. त्यांच्या यजमानांनी अशाच एका लिलावात शेजाऱ्याचं पेरणीयंत्र घेतलं, कारण दुसरं कुणी बोलीच लावत नव्हतं आणि शेजाऱ्याला निदान तेवढे पैसे मिळावेत. ते यंत्र त्यांनी कधी वापरलं नाही. गोठ्याच्या मागच्या खोपटात मी स्वतः पाहिलंय, हिरवा रंग उडालेला, बियाण्याच्या पेट्यांत चिमण्यांची घरटी. आजोबा गेले २०१५ ला. आजी ते विकत नाहीत.

माझं माहेर लांज्याकडचं. बंद घरं मी लहानपणापासून पाहिलीत. पण कोकणात घराला कुलूप असतं आणि गणपतीला ते उघडतं. इथे रिकामं घर पाडतात, विहीर बुजवतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे मका उभा असतो. उरतात ती वाऱ्याला आडोसा म्हणून घराच्या वायव्येला लावलेली झाडं. भर शेतात असा झाडांचा चौकोन दिसला की समजायचं, इथे कुणीतरी राहत होतं. सुरुवातीची वर्षं मला ते बघवायचं नाही. तुलाही नाही बघवणार, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता सगळीच गावं सारखी नाहीत, आणि तुम्ही कुठल्या प्रकारच्या गावात चाललात हे बघायला हवं. स्टॉर्म लेक, डेनिसन ही गावं मांसप्रक्रियेच्या कारखान्यांवर उभी आहेत. मेक्सिको, ग्वाटेमाला, लाओस, कुठून कुठून माणसं आली, त्यांच्या मुलांनी शाळा भरल्या. तिथे रस्त्यावर टाको मिळतो, दुकानात कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या मिळतात, आणि लहान मुलांचा आवाज येतो. स्टॉर्म लेकच्या छोट्याशा स्थानिक वर्तमानपत्राला २०१७ मध्ये अग्रलेखांसाठी पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं, इतका त्या गावात अजून जीव आहे. पण एका कारखान्यावर जगणाऱ्या गावाचा धोकाही तेवढाच. पेरी या आठेक हजार वस्तीच्या गावात २०२४ च्या जूनमध्ये डुकराच्या मांसाचा कारखाना बंद झाला, सुमारे तेराशे नोकऱ्या गेल्या. पोस्टव्हिलमध्ये २००८ च्या १२ मे रोजी इमिग्रेशनच्या एका धाडीत ३८९ कामगार पकडले गेले, आणि एवढंसं गाव एका दिवसात रिकामं पडल्यासारखं झालं. तेव्हा तुमच्या गावाचं पोट कशावर चालतं हे पहिल्यांदा विचार. आमच्यासारख्या बऱ्याच गावांत त्याचं उत्तर एकच: शाळा, वृद्धाश्रम आणि हॉस्पिटल.

म्हणून हॉस्पिटलबद्दल जास्त लिहिते. पंचवीस खाटांपर्यंतच्या आडगावातल्या हॉस्पिटलांना केंद्र सरकार वेगळ्या दराने पैसे देतं, १९९७ च्या कायद्यापासून. त्यावरच ही टिकून आहेत. तरी एकेक विभाग गळतो, आणि पहिला गळतो तो प्रसूतीचा. माझा धाकटा २०११ मध्ये इथेच जन्मला. २०१७ मध्ये तो विभाग बंद झाला. वर्षाला जेमतेम साठ बाळंतपणं, पण नर्स चोवीस तास हव्यात, भूलतज्ज्ञ हवा, हिशेब बसेना. आता कळा सुरू झाल्या की पन्नास मैल जायचं. गेल्या जानेवारीत हिमवादळात रस्ता बंद झाला आणि माझ्या नवऱ्याने आणीबाणी कक्षात एका मुलीला जगात आणलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण तो पहाटे घरी आला तेव्हा बूटही न काढता जिन्यावर बसून राहिला. तुझ्या नवऱ्याचं काम असं असणार आहे. रात्री त्याच्यामागे दुसरं कुणी नसेल. पेट्रोल पंपावर, मुलांच्या बास्केटबॉलच्या सामन्यात लोक त्याला रिपोर्ट दाखवतील. त्यात मोल आहे. माझा नवरा म्हणतो, डेट्रॉइटसारख्या शहरात त्याला पेशंटची बायको, गाय आणि कर्ज तिन्ही ठाऊक नसती. पण तो थकतो, आणि घरातलं बाकी सगळं तू पेलणार आहेस.

दुसरी गोष्ट तुझ्या नोकरीची, आणि ती कुणीच तुला सांगितलेली दिसत नाही. डॉक्टर जे-वन या प्रशिक्षणाच्या व्हिसावर असताना जोडीदाराला जे-टूवर, म्हणजे त्याच्या जोडीच्या व्हिसावर, कामाचा परवाना मागता येतो. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळाली की तो एच-वन या नोकरीच्या व्हिसावर जाईल आणि तू एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि एच-फोरवर काम करता येत नाही. त्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० हा टप्पा मंजूर झाला तरच परवाना मिळू शकतो. तेव्हा हॉस्पिटलने ग्रीन कार्डाची प्रक्रिया पहिल्याच वर्षी सुरू करावी, हे करारात लेखी घ्या. तोंडी "नक्की करू" यावर राहू नका. आम्ही राहिलो, आणि मी चार वर्षं घरी बसले. एम.कॉम. असून. ती चार वर्षं मला आजही सलतात. आडगावात काम करण्याच्या बदल्यात प्रत्येक राज्यात वर्षाला तीस डॉक्टरांना अशी सूट मिळते, कॉनराड-३० म्हणतात तो कार्यक्रम. तुम्ही त्या तीसमधले एक आहात, म्हणजे हॉस्पिटललाही तुम्ही सहज मिळालेले नाही. मागताना संकोच करू नका. वकील मात्र स्वतःचा करा, नियम सारखे बदलतात.

लेकीचं म्हणशील तर प्राथमिक शाळेपर्यंत इथल्यासारखी जागा नाही. वर्गात अठरा-वीस मुलं, बाई मुलाच्या आजीलाही ओळखतात. पण शाळा एकत्र होत चालल्यात. आयोवात १९५० च्या दशकात चार हजारांहून अधिक शाळा-जिल्हे, म्हणजे शाळा चालवणारे स्वतंत्र विभाग, होते, आता सव्वातीनशेच्या आसपास. नैर्ऋत्येला एका शाळेचं नाव एएचएसटीडब्ल्यू आहे: अव्होका, हँकॉक, शेल्बी, टेनंट, वॉलनट, पाच गावांची आद्याक्षरं. कुठलंच गाव नाव सोडायला तयार नव्हतं असं मला ते वाचताना नेहमी वाटतं. मोठ्या वर्गांत गणिताचे वरचे विषय मिळतीलच असं नाही. माझ्या थोरलीने कॅल्क्युलस ऑनलाइन केलं. एक चांगलं, की आयोवातल्या कित्येक छोट्या गावांत स्थानिक टेलिफोन सहकारी संस्थांनी घरोघरी फायबर टाकलंय. इंटरनेटची काळजी करू नकोस.

कातडीच्या रंगाचं विचारलं नाहीस, पण मनात असणार. २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना आणि २०१६ मध्ये ट्रम्पना कौल देणाऱ्या सर्वांत जास्त काउंट्या याच राज्यात होत्या, एकतीस. आमचीही त्यातली. एकदा एका पेशंटने माझ्या नवऱ्याकडून तपासून घ्यायला नकार दिला. दोन वर्षांनी तोच माणूस छातीत दुखतंय म्हणून रात्री आला, आणि आता दर नाताळात डबाभर फज, म्हणजे इथली चॉकलेटची वडी, आणून देतो. तरीही तो पहिला दिवस मी विसरलेले नाही, आणि विसरायला हवा असंही मला वाटत नाही. बहुतेक लोक सभ्य आहेत, अदबीने वागतात, पण घरात बोलवायला दोन वर्षं घेतात. तू आधी बोलव.

मला इथे धरून ठेवलं ते २०१८ च्या ऑक्टोबरने. आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या शेतकऱ्याला ऑगस्टमध्ये पक्षाघात झाला होता. मका उभाच होता. एका शनिवारी सकाळी सात वाजता अकरा कम्बाइन्स, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, त्याच्या बांधावर येऊन उभी राहिली. कुणी निमंत्रण दिलं नव्हतं, ज्याची त्याची स्वतःची कापणी अर्धी बाकी होती. दुपारी चारपर्यंत पाचशे एकर मोकळं झालं. बायकांनी पिकअपच्या मागच्या फळीवर सँडविचेस मांडले होते, मी चहाचे दोन थर्मास नेले. तो माणूस बायकोच्या गाडीत शेताच्या कडेला बसला होता, काच खाली करून. उजवा हात हलत नव्हता. प्रत्येक कम्बाइन वळून समोरून गेलं की तो डाव्या हाताचं एक बोट उचलायचा, इथे स्टिअरिंगवरून बोट उचलून रामराम करतात तसं. मी आमच्या गावी अशी भातलावणीची सावड पाहिली होती, आजोबांच्या काळातली. ती मला इथे पुन्हा दिसेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हा गाव बघायला फेब्रुवारीत या, जूनमध्ये नको. जूनमध्ये सगळं हिरवंगार असतं, निर्णय चुकतो. दोन दिवस राहा. वारा दक्षिणेकडून आला तर डुकरांच्या शेडचा वास घराच्या आत येतो का ते बघा. या राज्यात माणसांच्या सातपट डुकरं आहेत. हॉस्पिटलात विचारा, गेल्या पाच वर्षांत किती डॉक्टर आले नि किती गेले, आणि महिन्याला किती रात्री ड्यूटी. शाळेत विचारा, यंदा बालवर्गात किती मुलं आहेत आणि पुढच्या वर्षी किती येणार. सकाळी साडेसहाला कॅफेत जाऊन बसा, म्हातारे स्वतःहून बोलतील. घर घ्यायची घाई नको, भाड्याने राहा. घेतलंत तर आधी तळघरात रेडॉन, म्हणजे जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू, तपासून घ्या, आयोवातल्या सगळ्या ९९ काउंट्यांत तो वायू धोक्याच्या पातळीचा धरला जातो.

वाणसामानाला महिन्यातून एकदा ओमाहा किंवा डी मॉइन गाठावं लागेल. डी मॉइनला आलात तर वर मॅड्रिड गावाबाहेर देऊळ आहे, चहूबाजूंनी मक्याचं शेत. आमची मंडळी बहुधा तिथेच भेटतात. फेब्रुवारीत आमच्याकडेच उतरा, वरची खोली रिकामी आहे. गोडा मसाला आणू नकोस, मी इथे करते. लेकीसाठी गोष्टींची मराठी पुस्तकं मात्र जमतील तेवढी आण, माझ्या मुलांची पार फाटलीत.