निवड आधीच झाली, तर विश्वास कशाला?

प्रश्न: देवाने तारणासाठी (पापातून सुटकेसाठी) माणसे आधीच निवडली असतील, तर विश्वास ठेवण्याला अर्थ काय?

उत्तर: निवड कॅल्विनवादी (धर्मसुधारक कॅल्विनचे अनुयायी) आणि आर्मिनियन या दोन्ही ख्रिस्ती पक्षांना मान्य आहे, भांडण तिच्या आधारावरून. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसचे अनुयायी, म्हणजे आर्मिनियन, १६१० मध्ये म्हणाले, कोण विश्वास धरील हे देवाने आधीच जाणून त्यांना निवडले. नेदरलँड्समधील डॉर्टच्या कॅल्विनवादी धर्मसभेने (१६१८-१९) क्रम उलटा लावला: विश्वास हे निवडीचे फळ.

बायबलमधील रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय उघडा. जुळे भाऊ याकोब-एसाव जन्मलेही नव्हते (वचन ११) तेव्हाच देवाने याकोबाला निवडले, हे कॅल्विनवाद्यांचे बळ. १३वे वचन (‘याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला’) जुन्या करारातील मलाखी या ग्रंथातले, तिथे विषय राष्ट्रांचा, हे आर्मिनियनांचे उत्तर. मला ते अर्धेच पटते.

गफलत होते ती ९व्यावरच थांबल्याने. १०:१४ विचारते, ऐकल्याशिवाय विश्वास कसा ठेवतील? ‘मग प्रचार कशाला’ हे डॉर्टचे मत नव्हेच. सुवार्ता (येशूविषयीचा शुभसंदेश) भेदभाव न करता सर्वांना सांगा, असे त्या धर्मसभेने स्पष्ट लिहिले आहे.