१९७१ च्या बांगलादेशासाठी शब्द कोणता: नरसंहार, वंशसंहार की गणहत्या?

प्रश्न असा आहे: १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात बंगाल्यांची जी कत्तल झाली, तिला मराठीत नरसंहार म्हणावे की वंशसंहार? आणि बंगालीतला 'गणहत्या' तसाच घेतला तर चालेल का?

वंशसंहार म्हणावे. 'नरसंहार' चूक नाही, पण त्यातून फक्त एवढेच कळते की खूप माणसे मारली. ती का मारली, हे कळत नाही. कायदेतज्ज्ञ राफाएल लेमकिन यांनी १९४४ साली 'जेनोसाइड' (म्हणजेच वंशसंहार) हा शब्द घडवला तो नेमका या 'का'साठी, आणि १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही कसोटी हेतूची आहे: एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह, तो समूह म्हणूनच, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. मृतांचा किमान आकडा त्यात कुठेच नाही. बांगलादेश सरकार तीस लाख म्हणते, युद्धानंतर पाकिस्तानने नेमलेल्या हमूदुर रहमान चौकशी आयोगाने २६ हजार ग्राह्य धरले. आकड्याचा वाद उकरून शब्द नाकारणाऱ्यांना हे जरूर दाखवावे.

हेतू दिसतो तो कोणाला निवडून मारले यावरून. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराची 'ऑपरेशन सर्चलाइट' ही मोहीम सुरू झाली तेव्हा ढाका विद्यापीठातले जगन्नाथ हॉल हे हिंदू विद्यार्थ्यांचे वसतिगृह लष्कराने लक्ष्य केले. मारलेल्यांना तिथल्याच मैदानात पुरले. २० मे रोजी खुलना जिल्ह्यातल्या चुकनगरला भारताच्या वाटेवर थांबलेल्या, बहुतांशी हिंदू निर्वासितांवर गोळीबार झाला आणि काही तासांत हजारो माणसे मेली. १४ डिसेंबरच्या सुमारास प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरांतून उचलून नेले गेले. अनेकांचे मृतदेह ढाक्यातल्या रायेरबाजारला सापडले. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी २८ मार्चलाच आपल्या तारेत 'निवडक वंशसंहार' या अर्थाचे शब्द वापरले होते. १३ जूनला लंडनच्या 'संडे टाइम्स'ने 'जेनोसाइड' एवढाच मथळा दिला. ती बातमी अँथनी मस्करेन्हस यांची. जन्म बेळगावचा, घराणे गोव्याचे. हे नाव आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असावे, याचे वाईट वाटते.

'वंश' म्हटले की मराठी कानाला आधी कुळ आठवते (निर्वंश, वंशाचा दिवा), म्हणून पहिल्या उल्लेखात 'बंगाल्यांचा वंशसंहार' असे पूर्ण लिहावे. 'बांगलादेशींचा' नको, मारले गेले ते बंगाली म्हणून, आणि त्यांतले हिंदू हिंदू म्हणूनही. एकेका घटनेला मात्र हत्याकांड शोभते: चुकनगर हत्याकांड, जसे जालियनवाला बाग हत्याकांड. फाळणीनंतर तिथे स्थायिक झालेल्या उर्दूभाषक बिहारींनाही त्या वर्षी ठिकठिकाणी मारले गेले. त्या घटनांनाही हत्याकांडच म्हणावे, गाळू नये.

'गणहत्या'तला 'गण' म्हणजे लोक. मराठीत तो अर्थ गणराज्यात आहे, पण सुट्या 'गण'ने शिवगण किंवा पंचायत समितीचा गण डोळ्यांपुढे येतो. शिवाय बंगालीतही हा शब्द सामूहिक हत्या आणि वंशसंहार अशा दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे काटेकोर लिहिणारे काही जण तिथे 'जेनोसाइड'च लिहितात. विशेषनामात तो तसाच ठेवावा: बांगलादेशाच्या संसदेने २०१७ मध्ये २५ मार्च हा 'गणहत्या दिवस' ठरवला.

'यादवी' आणि '१९७१ चे युद्ध' हे दोन्ही इथे टाळावेत. यादवीने दोन्ही बाजू सारख्या ठरतात. आणि भारत-पाक युद्ध ३ ते १६ डिसेंबरचे. तोवर कत्तलीला आठ महिने उलटून गेले होते आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते.