महिन्याला १०० डॉलरमध्ये जुन्या बेसबॉल कार्डांचा संग्रह कसा उभा करावा?

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकेत येऊन दोन वर्षं झाली, बेसबॉलचं वेड लागलंय. १९८०च्या आधीची कार्डं जमवायची आहेत, महिन्याला १०० डॉलर बाजूला काढू शकतो. नियोजन कसं करू? ग्रेडेड घेऊ की सुटी? गुंतवणूक म्हणून कसं?’

झोपायला निघालो होतो, पण ‘ग्रेडेड की सुटी’ वाचलं आणि पुन्हा खुर्ची ओढली. (ग्रेडेड म्हणजे कंपनीने तपासून, एक ते दहामधला नंबर देऊन, प्लॅस्टिकच्या डबीत, म्हणजे ‘स्लॅब’मध्ये, बंद केलेलं कार्ड.) याच मुद्द्यावरून माझं आणि आमच्या साडूंचं पंधरा-सोळा वर्षं वाजतंय.

आधी तुमच्या कामाचं. एक सेट, म्हणजे कंपनीने एकत्र काढलेली सगळी कार्डं, धरा. एकच. ‘थोडं हे, थोडं ते’ करणाऱ्यांच्या घरी दहा वर्षांनी बुटांच्या खोक्यांत रद्दी निघते, संग्रह नाही. आणि सेट धरताना खिसा बघून धरा. टी-२०६ हा सिगारेटच्या पाकिटांतून आलेला सेट दिसायला देखणा, पण ५२४ कार्डं आणि त्यात होनस वॅग्नरचं दुर्मीळ कार्ड. एक वॅग्नर २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेला. १९३३ च्या गाउडी कंपनीच्या सेटमध्ये बेब रूथ एकदा नाही, चारदा येतो. टॉप्स कंपनीचा १९५२ चा सेट तर विसराच. त्यातली ३११ ते ४०७ नंबरांची शेवटची मालिका दुकानांत पडून राहिली, आणि १९६० मध्ये टॉप्सच्या साय बर्गर यांनी उरलेला माल बार्जवर चढवून आमच्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यासमोर समुद्रात बुडवला. मिकी मँटलचं ३११ नंबरचं कार्ड त्याच मालिकेतलं. १९५७ बरा वाटतो, पण त्यात मधलीच मालिका, २६५ ते ३५२, दुर्मीळ असल्याने जाच करते.

मी १९५६ चा टॉप्स धरला. ३४० कार्डं, दुर्मीळ मालिकेची कटकट नाही, आणि कार्ड आडवं: एका बाजूला खेळाडूचा मोठा चेहरा, मागे मैदानातला प्रसंग, पाठीवर व्यंगचित्रं. शेजारचे आजोबा ब्रुकलिनमध्ये वाढलेले. तिथला डॉजर्स संघ १९५५ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकला त्याच्या पुढच्या वर्षीची ही कार्डं, म्हणून त्यांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली होती. साठेक मला दिली, आणि हँक आरनचं ३१ नंबरचं कार्ड हातात देऊन म्हणाले, ‘नीट बघ, हा घसरत होमला येणारा कोण आहे?’ चेहरा आरनचा, पण घसरणारा विली मेझ! टॉप्सवाल्यांनी चुकीचा फोटो घेऊन वरून टोपी रंगवली होती. मी त्या दिवशी कामातून गेलो. लहानपणी साताऱ्यात बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटवाल्यांची कार्डं जमवायचो, तीच खाज तिशी उलटल्यावर पुन्हा सुटली.

आता मँटल. १९५६ चा मँटल म्हणजे १३५ नंबर. त्याच मोसमात त्याने ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे फलंदाजीच्या तीन मुख्य आकड्यांत लीगमध्ये पहिला आला. २००७ मध्ये हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारचा कार्ड शो होता. एका टेबलावर काचेखाली हे कार्ड. विकणारा म्हणाला, काकांच्या कपाटात सापडलं. ४५० डॉलर. डावीकडचे दोन्ही कोपरे घासून गोल झालेले, मधे एक बारीक घडी, पण उजवी कड कशी, नव्या नोटेसारखी! मला वाटलं, वा, एक बाजू तरी चांगली राहिली. पन्नास वर्षं पोरांच्या खिशात फिरलेल्या कार्डाची एकच कड कोरी कशी राहते, हा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. बायको गाडीत बसून होती, तिला पैसे किती दिले ते दोन महिने सांगितलं नाही.

१९५२ ते १९५६ ची टॉप्स मोठी असतात, पावणेतीनला जरा कमी आणि पावणेचार इंच. नऊ खणांच्या पानात बसत नाहीत, आठ खणांची पानं घ्यावी लागतात. मँटल सतराव्या पानावर सातव्या खणात. पान उलटलं की बाकीची सात जागच्या जागी आणि हा गडी सरकून कडेला जायचा. मला वाटायचं पिशवी सैल आहे. पान बदललं. तरी तेच. २००९ मध्ये साडूंच्या आग्रहाखातर ग्रेडिंगला पाठवला आणि तो नंबर न मिळता परत आला: कड कापलेली. मग तो दुसऱ्या कार्डावर ठेवून पाहिला. खालच्या कार्डाची पांढरी रेघ बाहेर दिसत होती, दीडएक मिलिमीटर. तेवढ्यात गेले माझे ४५० डॉलर.

साडू डलासला असतात. सगळं स्लॅबमध्ये. आठच्या खालचं कार्ड घरात घेत नाहीत, आणि कार्डाच्या पाठीवर काय छापलंय ते एकदाही वाचलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. मी तीन वर्षांपूर्वी ३४० पुरी केली. फोन करून सांगितलं, तर म्हणाले, ‘अभिनंदन, ३३९ झाली म्हणायची.’ तेव्हापासून दर दिवाळीला, फराळाची ताटं हातात आली की, सगळ्यांसमोर, ‘काय, ३३९ का अजून?’

त्यांना जे सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. ज्या वर्षी मी मँटल घेतला त्याच वर्षी जगातलं सगळ्यात गाजलेलं वॅग्नर कार्ड, एकेकाळी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीचं, ८ ग्रेडच्या स्लॅबमधलं, २८ लाख डॉलरला विकलं गेलं. त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्याचं बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्याने २०१३ मध्ये कबूल केलं. म्हणजे माझं कापलेलं ते कागदाचं चिटोरं आणि त्यांचं कापलेलं तो राष्ट्रीय ठेवा? ते मोजायचं, माझं नाही? दुसरं. ‘टी-२०६’ हे नाव आलं ते जेफरसन बर्डिक यांच्या कॅटलॉगमधून. त्यांनी तीन लाखांवर कागदी वस्तू, त्यात तीस हजारांवर बेसबॉल कार्डं, न्यू यॉर्कच्या मेट म्युझियमला दिल्या. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, तरी म्युझियममध्ये वर्षानुवर्षं बसून सगळं आल्बममध्ये लावलं, १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि मार्चमध्ये गेले. लावलं म्हणजे कसं? डिंकाने चिकटवून! आजच्या हिशेबाने सगळा माल बाद. सांगा आता जाऊन मेटवाल्यांना, की तुमच्याकडे काहीच नाही म्हणून.

असो. प्रश्न नियोजनाचा होता. माझी मोठी चूक सांगतो, ती करू नका. मी आधी सगळी स्वस्त कॉमन, म्हणजे साध्या खेळाडूंची कार्डं, घेतली, कारण महिन्याला पंधरा-वीस कार्डं आली की बरं वाटतं. तोवर जॅकी रॉबिन्सन, क्लेमेंटे, टेड विल्यम्स यांचे भाव माझ्या डोळ्यांदेखत वर गेले. उलटं करा. पहिली दोन वर्षं दोन-तीन महिन्यांचे पैसे साठवून एकेक मोठं नाव घ्या, घड्या पडलेलं, कोपरे गेलेलं चालेल. कॉमन कुठे पळत नाहीत, झिजलेली असतील तर अजून चार-पाच डॉलरला मिळतात. ५६ च्या दोन चेकलिस्ट (सेटची यादी छापलेली कार्डं) वेगळ्या, त्या ३४० मध्ये धरत नाहीत. पोरांनी पेन्सिलीने खुणा केलेल्याच घ्या, कोऱ्यांचे भाव ऐकवत नाहीत. प्लॅस्टिकची मोजपट्टी खिशात ठेवा. विकणारा मोजू देत नसेल तर पुढच्या टेबलावर जा. आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरची, नव्वदच्या सुरुवातीची कार्डं कुणी फुकट देत असेल तरी घरात आणू नका, इतकी छापलीत की जागेचं भाडं महाग पडेल.

हां, एक राहिलंच. पाचशे डॉलरच्या वरचं काही घेणार असाल, विशेषतः मँटल, तर ग्रेडेडच घ्या. दोन-अडीच ग्रेडचं का असेना. एवढं एक साडूंचं बरोबर आहे, पण ते मी इथे लिहिलं हे त्यांना कळता कामा नये. स्लॅब आल्बमच्या खणात बसत नाही, मग काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी फोडला असता.

गुंतवणुकीचं मला विचारू नका, मी आजवर एकही कार्ड विकलेलं नाही. साडूंनी २०२१ च्या सुरुवातीला, सगळे घरात कोंडले होते आणि भाव आभाळाला टेकले होते तेव्हा, कुठल्याशा नव्या पोराची स्लॅबं घेतली. त्यांचं पुढे काय झालं ते दिवाळीला कुणी विचारत नाही. डलासकडे असाल तर त्यांच्याशी गाठ घालून देतो. माणूस दिलदार आहे, तासभर बसवून सगळं दाखवेल. फक्त न्यू जर्सीवाल्याची किती झाली म्हणून विचारलंच, तर ३४० सांगायचं.