वाचकांचे प्रश्न : जिंकलेला मोर्चा हरला कसा?

प्रश्न : २०१९ साली हाँगकाँगमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला विधेयक मागे घ्यावे लागले. मग वर्षभरातच सारे कसे शमले? आपल्या नागपूर कराराशी हाँगकाँगच्या स्वायत्ततेची तुलना करता येईल का? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : ब्रिटन आणि चीन यांनी १९ डिसेंबर १९८४ रोजी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि त्यानुसार १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनच्या स्वाधीन झाले. ‘एक देश, दोन व्यवस्था’ असे त्याचे सूत्र होते. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण बीजिंगकडे राहावे, न्यायालये, चलन, पोलीस आणि नागरी स्वातंत्र्ये हाँगकाँगकडे राहावीत आणि ही घडी ५० वर्षे मोडू नये, असे ठरले. १९९० साली चीनच्या संसदेने संमत केलेल्या ‘मूलभूत कायद्या’त हे सारे नमूद आहे. मात्र त्याच कायद्याच्या १५८व्या कलमाने कायद्याचा अर्थ लावण्याचा अखेरचा अधिकार बीजिंगमधील संसदेच्या स्थायी समितीला दिला आहे. चीनच्या मुख्य भूमीत जन्मलेल्या मुलांच्या वास्तव्याच्या हक्काविषयी हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या जानेवारीत दिलेला निकाल या समितीने जूनमध्ये निराळा अर्थ लावून निष्प्रभ केला होता. माझ्या मते आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर वीस वर्षे आधीच दिले गेले होते.

२०१९ च्या विधेयकाने आरोपींना मुख्य भूमीतील न्यायालयांच्या हवाली करण्याची वाट मोकळी होणार होती. तैवानमध्ये घडलेल्या एका खुनाचे निमित्त सरकारने पुढे केले. लोकांना मात्र २०१५ च्या अखेरीस एकामागून एक बेपत्ता झालेले आणि नंतर चीनच्या ताब्यात असल्याचे उघड झालेले पाच पुस्तकविक्रेते आठवत होते. जूनमध्ये दोन महामोर्चे निघाले, मधल्या १२ तारखेला अश्रुधूर आणि रबरी गोळ्या चालल्या. १५ जूनला विधेयक स्थगित झाले, पण मागे घेतले गेले नाही. १ जुलैच्या रात्री तरुणांनी विधान परिषदेच्या, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाच्या, काचा फोडून आत प्रवेश केला तेव्हा त्यांच्यापैकी कुणीतरी तिथल्या एका खांबावर लिहिले की, शांततेने मोर्चे काढून काही होत नाही हे तुम्हीच आम्हाला शिकवले. मोडतोडीचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही, परंतु त्या एका ओळीत जेवढी वस्तुस्थिती आहे तेवढी सरकारच्या कितीतरी निवेदनांत नव्हती. मुख्य प्रशासक कॅरी लाम यांनी ४ सप्टेंबरला विधेयक मागे घेण्याची घोषणा केली, तोवर मागण्या पाच झाल्या होत्या. पोलिसांच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी आणि सार्वत्रिक मताधिकार या त्यांतल्या दोन.

ही माघार हाँगकाँगच्या सरकारची होती, बीजिंगची नव्हे, आणि सारी मेख तिथे आहे. ३० जून २०२० रोजी बीजिंगने फुटीरता आणि परकीयांशी संगनमत यांसारख्या गुन्ह्यांना कठोर शिक्षा ठरवणारा राष्ट्रीय सुरक्षा कायदा हाँगकाँगच्या विधान परिषदेला वगळून थेट मूलभूत कायद्याच्या परिशिष्टात घातला. ज्यांना तो लागू होणार होता त्यांना त्याची संहिता रात्री अकरा वाजता, म्हणजे अंमल सुरू होण्याच्या क्षणीच, वाचायला मिळाली. काही प्रकरणांत खटला मुख्य भूमीत चालवण्याची मुभा त्यात आहे, म्हणजे ज्या भीतीपोटी विधेयक परतवले तीच मागच्या दाराने घरात आली. या कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकारही अर्थातच त्याच स्थायी समितीकडे आहे.

नागपूर कराराशी साम्य मर्यादित आहे, पण ते अगदीच नाही असे नाही. २८ सप्टेंबर १९५३ चा करार हाही विदर्भ महाराष्ट्रात सामील होण्यापूर्वी त्याला दिलेला शब्दच होता. वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात व्हावे ही त्यातली अट आपण दर हिवाळ्यात पाहतो, आणि विकास मंडळांची तरतूद पुढे राज्यघटनेच्या ३७१(२) या कलमात आली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा शब्द पाळला गेला का, हा वाद इथेही आहेच. फरक असा की विदर्भ हा स्वायत्त प्रदेश नाही, आणि इथल्या माणसाला तोच वाद सभागृहात मांडता येतो, उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे नेता येतो आणि पाच वर्षांनी मतपेटीतही टाकता येतो. हाँगकाँगमध्ये शब्द देणारा आणि शब्द पाळला की नाही हे ठरवणारा एकच आहे.

प्रश्न : १६ जून २०१९ च्या मोर्चात आयोजकांनी सुमारे २० लाख लोक सांगितले, पोलिसांनी ३ लाख ३८ हजार. खरे कोणाचे? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : पोलिसांचा आकडा ठरलेल्या मार्गावर एका वेळी असलेल्या कमाल गर्दीचा होता, तर आयोजकांनी दिवसभरात येऊन गेलेले सगळे धरले. अधिवेशनाच्या काळात यशवंत स्टेडियमपासून मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपर्यंत कधी मोर्चाबरोबर चालला असाल तर ही तफावत आपल्याला नवी वाटणार नाही. धाकटा आकडा धरला तरी सुमारे ७५ लाख वस्तीच्या शहरात तो थोडा नव्हे.

ज्या मोजणीवर वाद होत नाही ती मतांची. २४ नोव्हेंबर २०१९ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ७१ टक्के मतदान झाले आणि १८ पैकी १७ परिषदा लोकशाहीवाद्यांकडे गेल्या. त्यानंतर नियम बदलले. १० डिसेंबर २०२३ रोजी ४७० पैकी केवळ ८८ जागा थेट निवडणुकीने भरायच्या होत्या, उमेदवारांची आधी छाननी झाली होती, आणि मतदान झाले २७.५ टक्के. हा आकडा सरकारनेच जाहीर केलेला आहे.